मोत्याची लूत व कडुनिंबाचें तेल

आमच्या वसतिगृहाच्या फाटकाशीं मोत्या नांवाचा एक कुत्रा असतो, हें वसतिगृहांतील मुलांस सांगावयास नको. परंतु पालकांपैकीं पुष्कळांस तो केवळ पाहुण्यांवर भुंकणारा म्हणूनच ठाऊक असेल. तो कोणी विकत आणलेला नाहीं. चार वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत एक भिजलेलें पिलूं स्वयंपाकघराच्या मागें येऊन बसलें व आचाऱ्यानें त्यास भाकरीचा तुकडा टाकला, एवढाच त्याच्या प्रवेशाचा दाखला. या मोत्यास गेल्या वर्षीं लूत लागली, आणि ती बरी करण्याच्या भरांत आम्हीं त्याचा जीवच घ्यावयाचा राहिला होता. ही हकीकत लिहिण्यास संकोच वाटतो. तथापि जी चूक शिक्षकाच्या हातून झाली तीच उद्यां विद्यार्थ्यांच्या हातून घडूं नये, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

दिवाळीच्या सुटीपूर्वींची गोष्ट. मोत्याच्या कानांच्या कडा व पुढच्या पायांचीं कोपरें यांवरील केंस गळूं लागले, कातडी जाड होऊन तिच्यावर खपल्या धरल्या, आणि तो रात्रंदिवस अंग खाजवूं लागला. आमच्या लहानपणीं घरांत कोणास खरूज झाली म्हणजे आई कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानें आंघोळ घालीत असे. ती आठवण मनांत होती. शिवाय झाडपाल्याचें औषध, त्यापासून अपाय तो काय होणार, अशी आमची समजूत. बाजारांतून कडुनिंबाच्या तेलाची बाटली आणविली. दोघां विद्यार्थ्यांनीं मोत्यास धरलें व आम्हीं स्वतः अर्धी बाटली तेल, त्यांत दुसरें कांहींएक न मिसळतां, त्याच्या सर्वांगास चोळलें. काम उरकल्यावर आम्हां तिघांसही एक सत्कृत्य केल्याचें समाधान वाटलें.

रात्रीं दिवे मालवतांना मोत्या आपलें अंग चाटीत बसलेला दिसला. त्याकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. पहांटे पहारेकऱ्यानें हांक मारिली. मोत्या ओकत होता, तोंडांतून लाळ गळत होती, व उभा राहूं गेला तर त्याचे पाय लटपटत होते. हातगाडीवर घालून त्यास गुरांच्या दवाखान्यांत नेलें. तेथील डॉक्टरसाहेबांनीं रागावून एक शब्दही काढिला नाहीं. त्यांनीं फक्त प्रश्न विचारिले. हें तेल कोणत्या झाडाचें, याची खात्री आहे काय? कुत्र्यास रोग कोणता झाला आहे? तेल किती लाविलें? आणि तें अंगावर राहिलें कीं पोटांत गेलें? या चार प्रश्नांपैकीं एकाचेंही पुरें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. पदवी घेऊन वीस वर्षें मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या माणसास त्या दिवशीं जें वाटलें तें त्यानें मनांतच ठेवावें, हें बरें. पण ते चार प्रश्न मात्र मनांत ठेवण्यासारखे नाहींत. ते प्रत्येक घरीं ठाऊक असावे.

पहिला प्रश्न झाडाचा. कडुनिंब न ओळखणारा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणार नाहीं, असें आपणांस वाटतें. गुढीपाडव्यास घरोघरीं त्याचा पाला लागतो, धान्याच्या कणगींत तो घालितात, आणि गोवर-कांजिण्यांच्या रोग्याच्या उशाशीं त्याचे डहाळे ठेवितात. परंतु याच कुळांतील दुसरें एक झाड आपल्या रस्त्यांच्या कडेला व बागांतून लाविलेलें असतें. त्याला बकाणा निंब म्हणतात. दोन्ही झाडें इतकीं सारखीं कीं, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७५३ सालीं दोहोंस एकाच जातिसमूहांत घातलें होतें. पुढें १८३० सालीं जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञानें कडुनिंब निराळा काढिला. कडुनिंबाचें पान एका देठाच्या दोन्ही बाजूंस सरळ लागलेल्या, करवतीच्या दांत्यांसारख्या कडांच्या व किंचित् वांकड्या पानोळ्यांचें असतें. बकाण्याच्या पानाच्या देठास पुन्हां फांटे फुटून त्यांवर पानोळ्या येतात. कडुनिंबाचा मोहर पांढरा, बकाण्याचा जांभळट. कडुनिंबाची निंबोळी लांबट असून पिकतांच गळून पडते. बकाण्याचीं फळें गोल असून पानें झडल्यावरही पिवळ्या मण्यांच्या घोसांप्रमाणें झाडावर लोंबत राहतात. हा भेद केवळ परीक्षेपुरता नव्हे. बकाण्याचीं फळें विषारी आहेत. तीं खाऊन कुत्रीं व डुकरें ओकतात, त्यांस झटके येतात, आणि प्रसंगीं तीं मरतात. म्हणून पाला तोडण्यास मुलांना पाठवावयाचें, तर आधीं झाड दाखवून मग पाठवावें. आणि अंगणांत बकाणा असेल तर खालीं पडलेलीं फळें झाडून काढावीं.

दुसरा प्रश्न रोगाचा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. कुत्र्याचे केंस गळाले कीं आपण सरसकट 'लूत लागली' म्हणतों. पण एका नांवाखालीं निरनिराळे रोग दडलेले असतात. एक लूत अशी कीं, तिचा अतिसूक्ष्म, आठ पायांचा किडा कातडींत बिळें कोरून तेथेंच अंडीं घालतो. हिला अतिशय खाज असते व ही एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागते. माणसाच्याही अंगावर तिच्या पुटकुळ्या उठतात. दुसऱ्या लुतीचा किडा केंसांच्या मुळांशीं राहतो. तो आईपासून पिलांस पहिल्या कांहीं दिवसांतच मिळतो, पुष्कळ निरोगी कुत्र्यांच्या अंगावरही असतो, आणि कुत्र्याची प्रतिकारशक्ति खालावली म्हणजे मात्र माजतो. तिसरा प्रकार नायट्याचा. त्याचें कारण किडा नसून बुरशी होय. याखेरीज गोचीड व पिसवा यांच्या चाव्यानें होणारी खाज निराळीच. या सर्वांचे उपाय एक नाहींत. डॉक्टरसाहेबांनीं मोत्याच्या कोपरावरील खपली सुरीच्या पात्यानें खरडून कांचेवर घेतली, तींत तेलाचा थेंब टाकिला, व सूक्ष्मदर्शक यंत्रांतून आम्हांस पहावयास सांगितलें. वाटोळ्या अंगाचा, आंखूड पायांचा तो किडा हळूहळू हलत होता. मोत्यास धरणाऱ्या दोघां विद्यार्थ्यांच्या मनगटांवर आठ दिवसांपासून ज्या पुटकुळ्या उठल्या होत्या, त्यांचें कारण आम्हांस त्या क्षणीं समजलें. आम्ही त्या डासांच्या मानीत होतों!

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. कडुनिंबांत औषधी गुण आहे, ही कांहीं केवळ दंतकथा नव्हे. त्याच्या तेलांतून निंबिन हा कडू पदार्थ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनीं वेगळा काढून १९४२ सालीं जाहीर केला. १९६८ सालीं इंग्लंडांत बटरवर्थ व मॉर्गन या शास्त्रज्ञांनीं निंबोळीच्या बीजांतून अझाडिरॅक्टिन नांवाचें द्रव्य मिळविलें. हें द्रव्य किड्यांचा आहार तोडतें, आणि कात टाकून वाढण्यास त्यांना जो अंतःस्राव लागतो त्याच्या कार्यांत विघ्न आणितें. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. कडुनिंबाचा परिणाम सावकाश होतो. तेल लावतांच गोचीड मरून पडेल अशी अपेक्षा धरून अधिकाधिक तेल ओतणें व्यर्थ आहे. आणि ज्या वस्तूच्या अंगीं किड्याची वाढ थांबविण्याइतकें सामर्थ्य आहे, ती दुसऱ्या जिवास अगदींच निरुपद्रवी असेल, असें धरून चालणें शहाणपणाचें नाहीं.

तमिळनाडूकडे व इतरत्र कडुनिंब व हळद यांचा लेप खरजेवर लावण्याची जुनी वहिवाट आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक पाहणींत अशा लेपानें खरजेच्या ८१४ रोग्यांपैकीं शेंकडा ९७ रोगी ३ ते १५ दिवसांत बरे झाल्याचें नमूद आहे. ही माहिती उत्साहजनक खरी. पण ते रोगी माणसें होतीं हें विसरूं नये. लेप लाविलेला मनुष्य तो चाटीत नाहीं. आणि त्याचें वजन साठ किलो असेल, तर आपल्या मोत्याचें पंधरा. माणसाच्या मापानें कुत्र्यास औषध देणें म्हणजे बापाचा अंगरखा लेकरास घालण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं, अंगरखा काढून ठेवितां येतो.

यावरून चौथा प्रश्न आपोआप येतो: औषध गेलें कोठें? कुत्र्याच्या बाबतींत 'बाहेरून लावावयाचें' औषध असें कांहीं नसतेंच, हा धडा आम्हीं त्या रात्रीं शिकलों. जें अंगावर तें जिभेवर, आणि जें जिभेवर तें पोटांत. कडुनिंबाचें तेल पोटांत गेल्यानें काय होतें, याचा अनुभव माणसांनाही आलेला आहे. किरकोळ तक्रारींवर घरगुती औषध म्हणून हें तेल पाजलेल्या लहान बालकांना ओकाऱ्या, गुंगी व झटके येऊन त्यांचें यकृत व मेंदू यांस इजा झाल्याचे प्रकार १९८१ सालीं मलेशियांतील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केले. म्हणून कडुनिंबाचें तेल कुत्र्यास पाजूं नये, आणि मुलांसही पाजूं नये. गाभण किंवा पाजत्या कुत्रीला व लहान पिलांना तर तें लावूंही नये. तें गर्भास बाधक होतें, असें प्रयोगशाळेंतील उंदरांवर दिसून आलेलें आहे. मांजराच्या वाटेस तर जाऊंच नये. मांजर दिवसाचा मोठा भाग अंग चाटण्यांत घालवितें, आणि पुष्कळ द्रव्यें पचवून निर्विष करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत कुत्र्याहून कमी असते.

मग कडुनिंब मुळींच वापरूं नये काय? तसें नाहीं. डॉक्टरसाहेबांनीं मोत्यास प्रथम साबणाच्या कोमट पाण्यानें धुवून काढिलें, शिरेंतून पाणी दिलें, आणि दोन दिवसांनीं तो सावरल्यावर लुतीच्या किड्यावरचें औषध सुरू केलें. तेंही मोत्यास तराजूवर उभें करून, वजनाच्या मापानें. कारण दुकानांतून मिळणारें औषधही आंधळेपणानें द्यावयाचें नसतें. ज्या आयव्हरमेक्टिनच्या शोधाबद्दल २०१५ सालीं कॅम्बेल व ओमुरा यांस नोबेल पारितोषिक मिळालें, तेंच औषध मोठ्या मात्रेनें दिल्यास कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांच्या जिवावर बेततें. झाडाचें औषध चांगलें व बाटलीचें वाईट, किंवा याच्या उलट, असा हा वाद नाहीं. मोत्याचें औषध चालू असतांना खाज शमविण्यासाठीं व जोडीला म्हणून डॉक्टरसाहेबांनीं कडुनिंबाच्या पाण्यास संमति दिली. ती रीत येथें देतों.

ओळखीच्या कडुनिंबाचा ताजा, स्वच्छ पाला दोन मुठी घेऊन धुवावा. तो दोन लिटर पाण्यांत पाव तास उकळावा, झांकून पूर्ण निवूं द्यावा व फडक्यानें गाळून घ्यावा. पाणी मोठ्या माणसानेंच उकळावें. प्रथम कुत्र्याच्या मांडीच्या आंतील बाजूस रुपयाएवढ्या जागीं तें लावून एक दिवस वाट पाहावी. ती जागा लाल झाली, सुजली, किंवा कुत्रा ती कुरतडूं लागला, तर तो उपाय तेथेंच सोडावा. तसें न झाल्यास कुत्र्यास साध्या पाण्यानें आंघोळ घालून शेवटीं हें पाणी अंगावर ओतावें. डोळे, नाक, तोंड व उघड्या जखमा वगळाव्या. मग कोरड्या कापडानें अंग टिपून तो पुरता सुकेपर्यंत कोणी तरी त्याजवळ बसावें, म्हणजे तो चाटणार नाहीं. आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां एवढें पुरे. कच्चें तेल कधींही तसेंच लावूं नये. डॉक्टरांनीं लावण्यास सांगितलेंच, तर एका भागास निदान दहा भाग खोबरेल मिसळून, थोड्याच जागेवर, आणि गळ्यांत चाटणें रोखणारी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची गळपट्टी घालूनच लावावें. धरणाऱ्यानें हातमोजे घालावे व काम झाल्यावर हात साबणानें धुवावे.

कुत्र्याच्या अंगावरच सर्व रोग असतो असेंही नाहीं. गोचिडीची मादी रक्त पिऊन फुगली म्हणजे खालीं गळून पडते व भिंतीच्या भेगांत हजारों अंडीं घालते. म्हणून कुत्र्याची गोणपाटाची बैठक कढत पाण्यानें धुवून उन्हांत टाकावी, भेगा बुजवाव्या, अडगळ काढावी. गोचिडीपासून कुत्र्यास रक्ताचे घातक ताप येतात. कुत्रा खाईनासा झाला, हिरड्या पांढुरक्या दिसूं लागल्या किंवा लघवी गडद होऊं लागली, तर पाला उकळण्यांत वेळ घालवूं नये; थेट दवाखाना गांठावा.

याच ओघांत आणखी कांहीं घरगुती उपायांचें नांव घेणें अवश्य आहे, कारण ते आमच्या परिसरांत अद्याप होतात. लुतीवर रॉकेल किंवा मोटारीचें जळकें तेल लावणें हा उपाय नव्हे, विषप्रयोग आहे. तंबाखूचें पाणी गोचिडीस मारतें तसें कुत्र्यासही मारतें. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते, मग तो डोळा कुत्र्याचा असो वा मुलाचा. जंतांवर म्हणून लसूण किंवा कांदा चारण्याची चाल आहे. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व तो अशक्त होतो. हे सर्व पदार्थ आपल्या ओळखीचे, स्वयंपाकघरांतले व परसांतले. ओळखीच्या वस्तूची भीति वाटत नाहीं, हेंच त्यांतलें भय.

आणि एक रोग असा आहे कीं, त्यावर कडुनिंब नव्हे, जगांतली कोणतीच मुळी चालत नाहीं. तो म्हणजे पिसाळणें. कुत्र्याचा स्वभाव एकाएकीं बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळूं लागली, गिळतां येईना, तर घशांत हाडूक अडकलें असावें असें समजून पुष्कळजण त्याच्या तोंडांत हात घालतात किंवा काढा ओततात. असें कदापि करूं नये. कुत्र्यापासून दूर व्हावें, मुलांना दूर करावें, व गुरांच्या दवाखान्यास कळवावें. कुत्रा चावला अगर त्याची लाळ जखमेस लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद, पाला यांपैकीं कांहींही तींत भरूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी व ठरलेले सर्व डोस पुरे करावे. पाश्चरनें १८८५ सालीं योसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचून वांचविलें तें रोग उमटण्यापूर्वीं. लक्षणें दिसूं लागल्यावर रोगी बहुधा हातीं लागत नाहीं. आपल्या कुत्र्यास तीन महिन्यांचा असतांना लस टोंचून घेणें व पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें ती पुन्हां देवविणें, हें मालकाचें पहिलें कर्तव्य होय.

मोत्या सहा आठवड्यांत बरा झाला. त्या दोघां विद्यार्थ्यांस डॉक्टरांकडे नेलें. त्यांच्या पुटकुळ्याही गेल्या. पुढें आम्हीं मोत्यास लसही टोंचून घेतली. त्याच्या कोपरांवर आतां दाट केंस आले आहेत. मात्र आमच्या हातांत बाटली दिसली कीं तो अद्यापि फाटकाबाहेर जाऊन बसतो, मग ती शाईची कां असेना. आणि यांत त्याची चूक आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं.

त्या दोघांपैकीं एकानें परवां आम्हांस विचारिलें, "सर, आपण त्याच्या बऱ्यासाठींच केलें होतें ना?" होय, बऱ्यासाठींच केलें होतें. मुक्या जनावरास आपला हेतु समजत नाहीं, आणि त्याच्या पोटांत गेलेल्या तेलासही तो समजला नाहीं. जनावरास कोठें दुखतें तें सांगतां येत नाहीं, आणि 'हें औषध मला नको' असेंही सांगतां येत नाहीं. तेव्हां त्याच्या वतीनें विचारावयाचे प्रश्न आपणच विचारिले पाहिजेत. झाड कोणतें, रोग कोणता, प्रमाण किती, आणि तें पोटांत जाईल काय? या चारांपैकीं एकाचेंही उत्तर ठाऊक नसेल, तर बाटलीचें बूच काढूं नये. विद्यार्थ्यांनीं हे चार प्रश्न वहींत उतरून घ्यावे, आणि सुटींत घरीं गेल्यावर आईवडिलांना व आजीला वाचून दाखवावे, एवढीच विनंति आहे.